झोपेतली चाल

भिवंडीत मागाच्या आवाजानं कुणाची झोप मोडत नाही. मोडते ती आवाज थांबला की. भर दुपारी वीज गेली, माग जागच्या जागी थबकले, की अख्खी आळी डोळे चोळत दारात येऊन उभी राहते आणि विजेच्या नावानं बोटं मोडते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं तर तो हसतो. हसू दे बापडा. एक आठवडा राहिला की त्यालाही कळतं.

पंढरीनाथ जाधवची सगळी दैना या एका गोष्टीनं केली होती.

पंढरीनाथ धामणकर नाक्याच्या मागच्या एका कारखान्यात माग चालवायचा, कायम रातपाळीला. सकाळी घरी यायचा, बकुळानं थापलेली भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. घर म्हणजे एकच खोली, आणि तिची मागची भिंत म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या कारखान्याची पुढची भिंत. भिंतीला पाठ लावली की पाठीतून मागाचा धोटा फिरतोय असं वाटायचं. अशा ठिकाणी पंढरीनाथ लहान पोरासारखा गाढ झोपायचा, आणि झोपेत त्याला चाली ऐकू यायच्या.

माणसांना स्वप्नात मेलेली माणसं दिसतात, साप दिसतात, शाळेतला मास्तर दिसतो. याला काही दिसायचंच नाही. नुसतं ऐकू यायचं. कुणीतरी गातंय, तोंड दिसत नाही, शब्द नाहीत, पण चाल अशी की पहिली ओळ संपायच्या आत दुसरीनं तिचा हात धरावा. पंढरीनाथला झोपेतच आनंद व्हायचा, की अरे, ही आपली, ही कुणाचीच नाही. तेवढ्यात वीज जायची, किंवा बकुळाच्या हातून झाकण पडायचं, आणि डोळे उघडायचे. चाल गेलेली. तोंडात चव तेवढी राहायची, घास कुठं गेला ते कळायचं नाही. तो तसाच अर्धवट झोपेत उठून आपलं बुलबुल पुढ्यात ओढायचा. तारांवर बटणं बसवलेलं ते वाद्य, बटण दाबलं की सूर. दहा बटणं दाबून झाली की रेडिओवर सकाळी लागलेलं एखादं सिनेमाचं गाणं बाहेर पडायचं. मग बकुळा तोंडाला पदर लावून हसायची आणि पंढरीनाथ तिच्यावर उगाचच चिडायचा.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? विसरला तर विसरला. पण पंढरीनाथला त्यातली एक तरी चाल हवी होती, आणि ती कशासाठी ते सांगितल्याशिवाय त्याचं दुःख कळायचं नाही.

तो नवप्रकाश गायन पार्टीत बुलबुल वाजवायचा. पार्टीचा म्होरक्या वाल्मीक. पंढरीनाथच्याच गावचा, एसटीत कंडक्टर, आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकड्यावरचा झोपलेला उतारूही खिशात हात घालेल. गाणी तोच लिहायचा, तोच म्हणायचा. जयंतीला, लग्नाला, बारशाला पार्टी उभी राहिली की रीत ठरलेली. माईक हातात घेऊन वाल्मीक आधी सांगायचा, "गीत वाल्मीक कांबळे. चाल..." आणि पुढं एखाद्या सिनेमाचं नाव. सगळ्याच पार्ट्या असं करायच्या आणि त्यात कुणाला लाज वाटायची नाही. लोकांच्या कानात बसलेल्या चालीवर आपले शब्द चढवले की गाणं त्याच दिवशी घराघरात पोचायचं. वरून गाण्याच्या शेवटच्या ओळीत वाल्मीकचं नाव पुन्हा यायचंच. गाणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, ढोलकीवाल्याला टाळ्या. बुलबुलवाल्याला कोण विचारतो? पंढरीनाथला मनातून वाटायचं, एकदा, फक्त एकदा, त्या 'चाल' या शब्दानंतर सिनेमाचं नाव न येता आपलं यावं. हे त्यानं बकुळाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. स्वप्नांचं मात्र एकदा भोळेपणानं वाल्मीकला सांगून बसला.

"असं?" वाल्मीक म्हणाला. "मग तुझ्या स्वप्नाचं एक तिकीट फाड की माझ्या नावानं. मी पण येतो आयकायला."

तेव्हापासून पार्टीत तो चेष्टेचा विषय झाला. तालमीला जरा डुलकी लागली की कुणीतरी म्हणायचं, गप रे, पंढरी चाल बांधतोय.

पण आणीबाणी उठली त्या वर्षीच्या जयंतीआधी वाल्मीकच त्याच्याकडे आला, आणि पडेल तोंडानं आला. आदल्या वर्षी असं झालं होतं की मांडवात कल्याणची पार्टी आधी गायली, मग हे उभे राहिले, आणि दोघांची चाल एकाच सिनेमातली निघाली. शब्द वेगळे, पण ऐकणाऱ्यांना काय त्याचं! दुसऱ्या कडव्यापासून पोरं कल्याणवाल्यांचे शब्द यांच्या चालीवर ओरडायला लागली. वाल्मीक तो अपमान वर्षभर चघळत होता.

"यंदा कुणाचीच नसलेली चाल पायजे," तो म्हणाला. "बोल पंढरी, तुझ्या झोपेत खरंच काय हाय का नुसत्या थापा?"

"हाय," पंढरीनाथ म्हणाला.

म्हणून तर गेला, पण आणायची कुठून? त्यानं नाना उपाय केले. बुलबुल उशाशी घेऊन झोपला, तर कुशीवर वळताना एक बटण मोडलं. बकुळाला म्हणाला, मला मध्येच हलवून उठव. तिनं बिचारीनं उठवलं, तर तेव्हा त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मग दोघांचं भांडण झालं आणि तिनं सांगितलं, आता आपली झोप आपणच सांभाळा.

कारखान्यात शेजारच्या मागावर उत्तर प्रदेशातले एक चाचा होते. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. चाचा तर समोरच्या रांगेतलं भांडणही ओठांवरून सांगायचे. एकदा चहाच्या वेळी ते पंढरीनाथला म्हणाले, "तू सूत के बीम के पास झपकी लेता है ना, तब तेरे होंठ चलते हैं."

"क्या बोलता हूँ?"

"बोलता नहीं बेटा. गाता है."

पंढरीनाथ त्या रात्री धाग्याला गाठ मारायची तिथं मारेना आणि नको तिथं मारी. म्हणजे चाल नुसती ऐकू येत नव्हती, ती आपल्याच तोंडून निघत होती! इतकी वर्षं तो झोपेत गात होता आणि मागांनी ते कुणाला ऐकू दिलं नव्हतं. त्याच्या शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या बकुळालाही नाही. आणि माग बंद असले की त्याला झोपच लागायची नाही.

पुढं घडलं ते नशिबानं. बदलीचा माणूस आला नाही म्हणून पंढरीनाथला रातपाळीला जोडून दिवसपाळीही करावी लागली, आणि वर पुन्हा स्वतःची रातपाळी. पुढच्या सकाळी तो घरी आला तो भाकरीही न खाता कोसळला. दुपारी वीज गेली. आळी जागी झाली, दारात आली. पंढरीनाथ मात्र उठला नाही, इतका तो थकला होता. बकुळा घरात एकटी तांदूळ पाखडत बसली होती. मागं भिंत गप्प झाली, आणि त्या शांततेत तिला नवऱ्याचा आवाज आला.

तिनं सूप खाली ठेवलं. बकुळा खारबावची. लग्नातली, हळदीची गाणी तिच्या माहेरी बायकांना एकदा ऐकून यायची, आणि ती तर त्यातली पटाईत होती. ती हलली नाही. पंढरीनाथ गात होता, हळू, शब्दांवाचून, पुन्हा पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला तिनं त्याच्या मागोमाग ओठातल्या ओठात म्हटलं. मग वीज आली, भिंत धडधडली, आणि ऐकू येणं बंद झालं. बकुळा मात्र संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. शेजारीण मीठ मागायला आली तिला तिनं हातानंच डबा दाखवला. बोलले तर जाईल, अशी भीती.

तो जागा झाल्यावर ती त्याच्या कानाशी वाकली आणि गायली.

"अगं हीच!" पंढरीनाथ ओरडला. "हीच ती! तुला कुठं गावली?"

"तुमच्याच तोंडात व्हती," बकुळा म्हणाली, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

वाल्मीकनं चाल ऐकली आणि एकदाही चेष्टा केली नाही. दोन दिवसांत त्यानं तिच्यावर शब्द बसवले. म्हणाला, शब्द आपोआप बसले रे, जशी काय वाटच बघत होते. आणि वर म्हणाला, "यंदा स्टेजवर तुझं नाव घेनार. चाल, पंढरीनाथ जाधव." पंढरीनाथ घरी आला आणि बकुळाला ते नाव त्याच आवाजात, माईक धरल्यासारखा हात करून, म्हणून दाखवलं.

शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून तालीम शुक्रवारी, विहारात. त्याच दिवशी पंढरीनाथचा बाप चिंधू जयंतीसाठी गावाहून आला. अंबाडीच्या अलीकडे त्याचं गाव. एसटीतून उतरला तो वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन थेट तालमीलाच येऊन भिंतीशी टेकला.

या चिंधूचं थोडं सांगायला हवं. पूर्वी तो गायचा. भात झोडायच्या दिवसांत तुणतुणं घेऊन गावातल्या खळ्या-खळ्यावर देवीची गाणी म्हणायची आणि पदरात सूपभर भात घ्यायचा, हे त्याच्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं काम. गाणं आवडलं तरी शाबासकी लांबूनच, आणि हाक मारायची ती 'ए चिंध्या' अशी. पुढं दीक्षेचं वारं गावात आलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी चिंधूनं घरातले देव टोपलीत घातले आणि तानसा नदीत सोडले. त्यांच्यावर तुणतुणंही टाकलं. पंढरीनाथ तेव्हा लहान. त्याला बापाचा गाता आवाज आठवतच नव्हता. चिंधू नंतर मजुरी करून जगला, पण पुन्हा कधी गुणगुणलासुद्धा नाही. पोराचं नाव बदलायचं मात्र राहून गेलं, ते राहूनच गेलं.

तालीम सुरू झाली. पंढरीनाथनं पहिली ओळ वाजवली. वाल्मीकनं ती उचलली. दुसरी ओळ संपायच्या आत चिंधू उठला. कुणाकडे बघितलं नाही, पिशवी घेतली नाही, चपला दारात तशाच, आणि अनवाणी बाहेर निघून गेला.

गाणं थांबलं. वाल्मीकचा चेहरा उतरला.

"पंढरी," तो म्हणाला, "ही तुझी न्हाय. ही खळ्यावरची हाय. देवीची. तुझ्या लहानपणी बापाच्या तोंडून कानात पडली असंल ती आता वर आली."

"कशावरून?"

"कशावरून काय? बापानं तोंड फिरवलं ते बघितलंस ना? ज्याच्यापायी त्यानं तुणतुणं नदीत टाकलं, ते आपन जयंतीच्या स्टेजवर आनून वाजवायचं? लोक जोड्यानं मारतील. अन बरोबर करतील."

पार्टीतले सगळे खाली बघत होते. चिंधूच्या तोंडून निघालेलं ते देवीचंच, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं, आणि पंढरीनाथनंही. त्यानं बुलबुल फडक्यात गुंडाळलं. त्याला सर्वात जास्त राग आला तो स्वतःच्या झोपेचा. इतकी वर्षं जिच्यामागं धावलो ती बापाच्या अंगावरची जुनी घाण निघाली, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

चिंधू घराच्या मागं, बंद कारखान्याच्या पायरीवर बसला होता. पंढरीनाथनं चपला त्याच्या पायाशी ठेवल्या.

"बा, चुकलं माझं. मला ठावं नव्हतं. झोपंत आयकली म्हणून वाजवली."

चिंधूनं एक चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "काय चुकला?"

"देवीची चाल..."

"कोन बोलला देवीची?"

"वाल्मीक. सगळेच."

"वाल्मीकला काय कळतंय?" म्हातारा असा कडाडला की पलीकडच्या नळावरच्या बायकांनी मान वळवली. "मी काय दुसरा कायच गाऊ शकत न्हाय? चिंध्याच्या तोंडात देवीच असली पायजे काय?"

चिंधूचा आवाज खाली आला.

"तुझी आई, कमळी, गेली तवा तू अंगावर पीत व्हतास. कमळी तापानं फणफणली तवा मी तिला देवीच्याच पायरीवर नेऊन ठेवलेली. बोललो, बरी कर, जलमभर तुझा गाईन. न्हाय केली बरी. मग तू रडायचास. थांबायचाच न्हाय. तुला खांद्यावर घेऊन मी अंगनात फिरायचा. गाणी मला येत व्हती ती सगळी देवीची. अन तिचा नाव तोंडात घ्यायचा न्हाय, असा राग आलेला मला. म्हणून शबुद घातलाच न्हाय. नुसता सूर. जसा येईल तसा. तू निजायचास." त्यानं दुसरी चप्पल पायात घातली. "दीक्षा लय मागून आली, पंढरी. देवीला मी त्याच वरसाला सोडली व्हती."

"मग तू उठून का आलास?"

"मला वाटला ती चाल माझ्याबिगर कुणालाच ठावी न्हाय. अन मला बी आता पुरी येत नव्हती. मधला तुकडा मी इसरलो व्हतो. लय वेळा आठवून बघितला, सापडला न्हाय." त्यानं पंढरीनाथच्या हातातल्या फडक्याकडे बोट केलं. "तो ह्याच्यातून आला. मला बसवंना तिथं."

पंढरीनाथ बापाजवळ बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. आई त्यानं पाहिली नव्हती. बापानं आपल्याला खांद्यावर घेतलं असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याचा बाप पोराला जवळ घेणाऱ्यांतला नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात एक बारीकसा काटाही होता. चाल देवीची नव्हती, तशी त्याचीही नव्हती.

चिंधूला ते कळलं असावं. म्हाताऱ्या माणसांना नको ते बरोबर कळतं. "आत्ताच बकुळा सांगत व्हती, तुझा नाव घेनार म्हणून," तो म्हणाला. "घेऊ दे. तुझीच म्हण. मी काय करू नावाला?"

आणि पंढरीनाथनं ते ऐकलं. हो, ऐकलं. त्याला नावं ठेवायची घाई करू नये. ज्याचं नाव कधीच कुणी घेतलेलं नाही त्यानंच ठेवावीत. वाल्मीकला त्यानं इतकंच सांगितलं, "देवीची न्हाय. बानं सांगितलं. घरातली हाय." वाल्मीकला तेवढं पुरे होतं. तालमी पुन्हा सुरू झाल्या. पंढरीनाथला बरंही वाटत होतं आणि चैनही पडत नव्हतं. बकुळा त्याच्याकडे बघायची, पण काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं त्याला भांडणापेक्षा जड जायचं.

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक येऊन विसावली आणि मांडव भरला. निळ्या पताका, गॅसबत्त्या, पुढं पोरं, मागं बायका. कल्याणची पार्टी आधी गायली आणि चांगली गायली. मग वाल्मीक उठला. माईकवर दोनदा फुंकर मारली.

"गीत वाल्मीक कांबळे. आणि चाल..." तो मुद्दाम थांबला. कल्याणवाले पुढं झुकले. "चाल कुठल्याच सिनेमाची न्हाय, मंडळी! चाल आपल्या पंढरीनाथ जाधवची!"

टाळ्यांचा पाऊस पडला. इतकी वर्षं पंढरीनाथनं मनात ऐकलेले शब्द आता सगळा मांडव ऐकत होता, आणि ते मनातल्यापेक्षाही गोड होते. त्यानं मान वर केली. चिंधू बकुळाशेजारी बसला होता. तो टाळ्या वाजवत होता, हात डोक्याच्या वर नेऊन, सगळ्यांपेक्षा जोरात. शेजाऱ्याला सांगत होता, माझा पोरगा, माझा पोरगा.

पंढरीनाथची बोटं बटणांवरून सरकली. वाल्मीकनं खूण केली, चल. तो वाजवेना. वाल्मीकनं दुसऱ्यांदा खूण केली. पंढरीनाथ उठला आणि त्याच्या हातातला माईक त्यानं आपल्याकडे ओढला. आयुष्यात तो कधी माईकवर बोलला नव्हता.

"चाल माझी न्हाय," तो म्हणाला. "चाल चिंधू सोनू जाधव यांची. माझे वडील हायत. तिथं बसलेत."

मांडवात सगळ्या माना मागं वळल्या. मग आधीपेक्षा मोठ्या टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हाताऱ्याला उठवायला गेलं, तर तो उठेना. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कुणी फटकावल्यासारखा खाली बघत राहिला. पंढरीनाथच्या मनात आलं, आपण त्याला खळ्यावरच्यासारखं पुन्हा लोकांपुढं उभं केलं की काय?

वाल्मीक गायला लागला. पंढरीनाथ वाजवत होता आणि नजर बापावरून हलवत नव्हता. चिंधू गात नव्हता. ओठ घट्ट मिटलेले. पण मधला तुकडा आला, आणि पंढरीनाथला दिसलं की म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर हळूहळू पडतोय. ताल धरल्यासारखा नाही. पोराला थोपटतात तसा.

तुकडा संपला. वाल्मीक पुढच्या कडव्याकडे वळला. पंढरीनाथनं मधला तुकडाच पुन्हा वाजवला. वाल्मीकनं वळून डोळे वटारले, ढोलकीवाला गोंधळला. पंढरीनाथनं तो तिसऱ्यांदा वाजवला, आणि मग आणखी एकदा, कारण तो थांबला असता तर तो हातही थांबला असता.